अडचण आल्यास फोन करावा, दहा ते पाच

सरिताकाकू फोन उचलल्यावर "हॅलो" म्हणत नाहीत. "प्रिंटर चालू आहे का?" असं विचारतात. मग जरा थांबून म्हणतात, "चालू म्हणजे हिरवा दिवा लागलाय का ते बघा. नुसतं बटण दाबलं असं सांगू नका." हे आम्हाला शब्दन् शब्द ऐकू येतं, कारण नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या ओळीत दोन घरांच्या मधली भिंत एका विटेची आहे. पलीकडे फोन वाजला की आमची आई ओट्यापाशी पोळी लाटता लाटता ओरडते, "अरे उचला कोणीतरी!" आणि मग तिला आठवतं की आपल्याकडे फोनच नाहीये.

काकूंचं काही प्रिंटरचं दुकान नाही. त्या काही इंजिनियरही नाहीत. मखमलाबादला त्यांच्या वडिलांचा गुलछडीचा आणि शेवंतीचा मळा. पहाटे फुलांच्या पाट्या लावून मग कॉलेजला जायच्या, बी.ए. झाल्या, ग्रंथालयाचा कोर्स केला, त्यात पहिल्या आल्या, आणि त्याच वर्षी लग्न होऊन सिडकोत आल्या. त्या कोर्सचं सर्टिफिकेट पुढच्या खोलीत फ्रेम करून लावलंय. त्याच्या बरोब्बर खाली फोन आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, फोन उचलायचंच सर्टिफिकेट असावं.

आणि काय काय माणसं त्या फोनवर येतात! काकू आईला नकला करून दाखवतात. सिन्नरकडच्या दूध सोसायटीचे गोरक्षभाऊ: "ताई, लय वांधा झाला बघा. मशीन नुसतं खर्रर्र-खर्रर्र करतंय अन् कागदावर कायच नाय."

"शाईची रिबीन बसवलीत का?"

"रिबीन? ती तर हितं टेबलावर हाय."

सटाण्याकडचा एक जण फोन लागला रे लागला की रडवेला होतो, "काकूऽ, कागद अडकी गया वं!" लासलगावचे कोंडाजी मार्केटातून फोन करतात. मागे ट्रॅक्टरचे हॉर्न, लिलावाची आरडाओरड, आणि स्वतःच फोन लावून हे म्हणतात, "हां, बोला!" काकू म्हणतात, "तुम्ही बोला." ते म्हणतात, "नाय नाय, तुमी बोला." गंगापूर रोडचे एक निवृत्त मास्तर तर भाषणच करतात: "नमस्कार. आपल्या प्रणालीमध्ये एक लक्षणीय त्रुटी माझ्या निदर्शनास आलेली आहे." त्रुटी ही असते की वायर प्लगमध्ये घातलेली नसते.

हे सगळं झालं ज्ञानेशकाकांमुळे. काकूंचे मिस्टर. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये आहेत. हळू बोलतात आणि वाक्यात एकदा तरी "टेक्निकली" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य उभं राहत नाही. "टेक्निकली जेवण झालंय, फक्त भात राहिलाय." २००१ साली त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि त्यांच्या लक्षात आलं की ठोके मारत छापणाऱ्या जुन्या पिनांच्या प्रिंटरवर त्यातून मराठी धड छापताच येत नाही. वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. मग रोज संध्याकाळी बसून वर्षभरात त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'ठसा'. आणि तो फुकट वाटून टाकला. नुसता फुकट नाही, आतला सगळा मजकूर उघडा ठेवून. ज्याला हवा त्याने घ्यावा, बदलावा, पुढे वाटावा. अट एकच, पुढच्यालाही तसंच करू द्यावं.

इथवर सगळं छान होतं. पण अशा प्रोग्रामबरोबर एक 'आधी हे वाचा' नावाची फाईल द्यायची पद्धत असते. जगातली बाकीची माणसं त्यात आपला ई-मेल लिहितात. ज्ञानेशकाकांना वाटलं, आपल्या लोकांकडे ई-मेल कुठे आहेत? म्हणून त्यांनी शेवटी लिहिलं: "अडचण आल्यास फोन करावा." खाली घरचा नंबर. आणि संध्याकाळी आपल्याला कोड लिहायचा असतो, तेव्हा कोणी त्रास देऊ नये, म्हणून त्याखाली: "वेळ सकाळी १० ते सायंकाळी ५."

सकाळी दहा ते सायंकाळी पाच काका अंबडला असतात.

पहिल्या वर्षी महिन्याला दोन-तीन फोन यायचे. काकूंना मजाच वाटायची. मग पुण्याच्या एका मासिकाने अंकाबरोबर सीडी वाटली, त्यात ठसा होता. त्या सीडीच्या लोकांनी सीड्या केल्या, त्यांच्या पाहुण्यांनी आणखी केल्या. पतसंस्था, शाळा, डेअऱ्या, कृषी केंद्रं, लग्नपत्रिकावाले. ज्याच्याकडे म्हणून जुना प्रिंटर होता त्याच्याकडे ठसा आला, आणि ठशाबरोबर काकूंचा नंबर आला. आता तो परत कसा घेणार? घराघरात जाऊन सीड्या गोळा करणार?

"फोन बाजूला काढून ठेवत जा ना," आमची आई एकदा म्हणाली.

"आशाच्या शाळेत हाच नंबर आहे," काकू म्हणाल्या. आशा त्यांची मुलगी, पहिलीत. "आणि माहेरचा फोन? अप्पांचं बीपी वरखाली असतं."

"मग उचलू नका. वाजून वाजून थांबेल."

"कोंडाजी थांबत नाहीत हो. मी मोजलंय. आणि तिकडे कोणाचं तरी काम अडलेलं असतं."

तर काकूंचं सगळं दहाच्या आत. भाजी दहाच्या आत, अंघोळ दहाच्या आत, देवळात गेल्या तर पळत परत. कोणी म्हणालं चला, भद्रकालीत साड्या बघून येऊ, तर काकू घड्याळाकडे बघतात. फोनची वायर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायची, गॅसपर्यंत नाही. त्यामुळे गोरक्षभाऊंना रिबीन बसवायला शिकवताना भाजी करपायची. हे काकांच्या लक्षात आलं. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी काकूंना बारा फुटी वायर आणून दिली. "आता टेक्निकली तू संपूर्ण घरात फिरू शकतेस," असं म्हणाले. काकू काय म्हणाल्या ते नाही ऐकू आलं. भिंतीपलीकडे पहिल्यांदाच इतकी शांतता होती.

आशा बालवाडीत जायला लागली तेव्हा, म्हणजे २००४ मध्ये, नाशिकरोडच्या एका वाचनालयाने काकूंना बोलावलं होतं. पुस्तकांची नोंद करायला माणूस हवा होता, अकरा ते पाच. काका म्हणाले, "अगं, दोन महिने थांब. एक-शून्य आलं की नंबर काढूनच टाकू."

या एक-शून्याबद्दल सांगायला हवं. या लोकांच्यात रीत अशी की प्रोग्राम पूर्ण झाला, त्यात मोठा दोष उरला नाही, असं सगळ्यांना पटलं की त्याला १.० म्हणायचं. तोवर शून्य पॉइंट काहीतरी. ठसा तेव्हा ०.७ होता. दोन महिन्यांनी ०.८ आला. मग ०.९. काकू खूश. एक-शून्य काय, पुढचंच स्टेशन! पण ०.९ नंतर आलं ०.९.१. मग ०.९.२. मग ०.९.२-ब. "पण नऊनंतर दहा येतात ना?" काकूंनी विचारलं. "टेक्निकली नऊ आणि दहाच्या मध्ये कितीही आकडे असतात," काका म्हणाले. वाचनालयाने दुसरी बाई घेतली. ती अजून तिथेच बसते, पंख्याखाली.

काकू फार नीटनेटक्या. ग्रंथालयवाल्याच त्या. प्रत्येक फोनची नोंद वहीत: तारीख, गाव, नाव, पत्ता, काय बिघडलं, काय सांगितलं, चाललं की नाही. संध्याकाळी चहा पिता पिता काका ती वही वाचायचे, त्यातले खरे दोष वेगळे काढायचे आणि इंटरनेटवरच्या यादीत इंग्रजीतून चढवायचे. ती यादी आणि तिथली पत्रापत्री म्हणजे ठशाची मंडळी. नागपूरचा कोणी, कोलकात्याचे दोघं, असे दहा-बारा जण, आणि जर्मनीतला उवे नावाचा एक गृहस्थ. त्याला मराठीचं अक्षर येत नाही, पण घरात सतरा जुने प्रिंटर आहेत आणि ते पडून आहेत याचं त्याला वाईट वाटतं. सगळे दिवसभराची नोकरी करून, उरलेल्या वेळात, कोणी न सांगता हे करायचे. काका उवेबद्दल असे बोलायचे जसं काही तो आतेभाऊ आहे. "उवे म्हणत होता, थंडी फार आहे."

या जानेवारीत देवळाली कॅम्पहून सुमनबाईंचा फोन आला. काकूंनी सवयीने विचारलं, "प्रिंटर चालू आहे का?"

"कसला प्रिंटर? मी सुमनबाई बोलतेय."

सुमनबाई म्हणजे काकूंच्या कोर्सच्या वेळच्या बाई, आता तिथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. आवाज असा की आमच्या घरातही मुलं ताठ बसतील. "आमची ग्रंथपाल साठलेली रजा जोडून सहा महिने जातेय. एक मार्चपासून. चार हजार पुस्तकं आहेत, निम्म्यांना नंबर नाहीत, लष्करातल्या लोकांची मुलं आहेत, दर दोन वर्षांनी बदलून जातात आणि पुस्तकं घेऊन जातात. तू येतेस का? वीस फेब्रुवारीपर्यंत हो किंवा नाही सांग. बघते-बिघते मला चालत नाही."

काकूंनी काकांना विचारलं. काका म्हणाले, "एक मार्च? होईल की तोवर एक-शून्य! टेक्निकली थोडेच दोष राहिलेत."

"किती?"

"थोडेच."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सलग चौथा फोन ठेवल्यावर काकूंच्या डोक्यात आलं की काका संध्याकाळी इंटरनेट लावतात तेव्हा फोन एंगेज लागतो. त्या उठल्या, कॉम्प्युटर चालू केला, आणि कुंई-कुंई-खर्रर्र करून मोडेम लावला. मग नुसत्या बसल्या. फोन वाजेना. काकू आईला नंतर सांगत होत्या, "वहिनी, असं वाटलं की कानातून कोणीतरी बोट काढलं."

पण बिल चालू असताना नुसतं कसं बसायचं? म्हणून त्यांनी त्या मंडळींची पत्रं उघडली. पहिल्यांदाच. आणि वाचत सुटल्या. उवेने लिहिलं होतं, "आपला नाशिकचा सपोर्ट विभाग अप्रतिम आहे. कोणत्याही प्रोग्रामला असा विभाग नाही. तिथे किती माणसं काम करतात?" खाली ज्ञानेशकाकांचं उत्तर: "टेक्निकली, एक."

मग त्यांनी दोषांची यादी उघडली. एक-शून्य अडवून धरणारे दोष: तेवीस. प्रत्येकापुढे लिहिलेलं, 'फोनवरून कळले.' तेवीसच्या तेवीस. सटाण्याचा कागद, कोंडाजींच्या पावतीवरचा मागेपुढे होणारा आकडा, सगळं काकूंच्या वहीतलं, इंग्रजी कपडे घालून. आपली भांडी दुसऱ्याच्या मांडणीत दिसावीत तसं झालं त्यांना. आणि मग ते लख्ख कळलं. त्या वहीत लिहितात, म्हणून दोष वाढतात. दोष वाढतात, म्हणून एक-शून्य येत नाही. एक-शून्य येत नाही, म्हणून त्या फोनपाशी. फोनपाशी, म्हणून वहीत लिहितात. दोन वर्षं त्या स्वतःच्याच दाराला रोज बाहेरून कडी घालत होत्या, आणि तीही सुवाच्य अक्षरात.

त्या दिवसापासून काकूंनी लिहिणं बंद केलं. फोन उचलायच्या, सांगायचं ते सांगायच्या, "परत एकदा छापून बघा हं," म्हणायच्या आणि ठेवायच्या. वही कपाटात.

काका आनंदाने वेडे झाले. तेवीसचे चौदा झाले, चौदाचे सहा. रोज चहा पिताना घोषणा. "कमाल आहे! लोकांच्या तक्रारीच थांबल्या. टेक्निकली ठसा आता स्थिर आहे!" काकू चहा गाळत म्हणायच्या, "हो का." अठरा फेब्रुवारीला १.० जाहीर करायचं ठरलं. काकूंनी सुमनबाईंना कळवून टाकलं: हो. आमच्या आईने त्यांना डब्याची पिशवी दिली. काकूंनी देवळाली कॅम्पच्या बसच्या वेळा कॅलेंडरवर लिहिल्या.

पंधरा तारखेला दुपारी सुरगाण्याकडून बहिरूचा फोन आला. बहिरू तिथल्या एका आश्रमशाळेत कारकून आहे. तो घाईत कधीच नसतो. शब्द एकेक करून ठेवतो.

"बाई, मी बहिरू. जानेवारीत फोन केला होता."

"हो, बोला भाऊ. प्रिंटर—"

"प्रिंटर चालू हाय. हिरवा दिवा बी हाय. बाई, यादी छापतो ना, तर पानावरचं शेवटचं नाव नाय निंगत. पान संपलं का खालचं नाव खातो."

"परत एकदा छापून—"

"तुमी तवा बी बोल्लात परत छापा. परत छापला. परत नाय निंगला. गणवेशाची यादी होती. तीन पानं. तीन पोरींचं नाव गेलं. वर पाठवली तशीच, म्या बी नाय मोजलं. सव्वीस जानेवारीला त्या तिघी मागं उभ्या राहिल्या, जुन्या झग्यात." जरा थांबून म्हणाला, "तुमाला नाय बोलत बाई. तुमी लय मदत करता. आता परीक्षेची यादी छापायची हाय, म्हणून इचारतो. हातानं लिवू का?"

बहिरूचं बोलणं काकूंनी आईला नंतर सांगितलं, पण हे शेवटचं आम्हाला तेव्हाच भिंतीतून कळलं, कारण काकू तेच वाक्य परत परत म्हणत होत्या. "हाताने लिहा भाऊ. हो, हाताने लिहा. सगळी. मी सांगते इकडे. हाताने लिहा." फोन ठेवला. मग कपाटाचं दार वाजलं.

संध्याकाळी काका आले तेव्हा वही चहाच्या कपाशेजारी उघडी होती. बहिरूचा दोष पहिला, आणि खाली गेल्या सहा आठवड्यांतलं जे जे आठवलं ते सगळं. काकांनी वाचलं. बराच वेळ वाचलं.

"हे तू आधी का नाही—"

"एक-शून्य यावं म्हणून."

काकांनी वही उचलली आणि कॉम्प्युटर चालू केला. त्या माणसाचं हे चांगलं आहे. ओरडता येत नाही त्यांना. त्यांनी मुकाट्याने सगळं चढवलं. उवेने दोन दिवसांत बहिरूचा दोष शोधून दुरुस्त केला. त्याच्या सतरांतल्या तीन प्रिंटरांवर त्याने म्हणे पानंच्या पानं मराठी नावं छापली, एकही वाचता येत नसताना, फक्त ओळी मोजत. दुरुस्त झाला, पण इतका मोठा दोष निघाला की पुढे दोन महिने तपासणी करायची, अशीही त्यांची रीत. एक-शून्य आता एप्रिलच्या शेवटी. पुन्हा आवृत्ती काढली, ०.९.८.

एक मार्चला बारा दिवस होते.

आता काकूंनी काय केलं, तर परत मोडेम लावला, आणि त्या यादीत स्वतः एक दोष चढवला. काकांना न विचारता. इंग्रजी साधंच होतं: "दोष: वाचा-फाईलमध्ये घरचा फोन नंबर आहे. परिणाम: घरातली एक व्यक्ती सकाळी दहा ते पाच घराबाहेर जाऊ शकत नाही. केव्हापासून: साडेतीन वर्षं. दुरुस्ती: एक ओळ काढणे. तीव्रता: हे झाल्याशिवाय आवृत्ती काढू नये." खाली नाव, सरिता, नाशिक सपोर्ट विभाग.

दोन दिवसांत अकरा उत्तरं आली. कोलकात्याच्या दोघांनी लिहिलं, हा दोष नाही, हेच तर ठशाचं वैशिष्ट्य आहे. नागपूरकर म्हणाला, फोन काढला तर खेड्यातल्या लोकांनी जायचं कुठे? उवेने लिहिलं, "मॅडम, तुम्ही आहात याचा मला अत्यंत आनंद झाला. कृपया नंबर काढू नका. ठशातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे." आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की आभाराच्या यादीत त्यांचं नाव घालायचं. दोषापुढे शेरा पडला: 'असंच राहील.' शेरा मारायचं काम ज्यांच्याकडे होतं ते म्हणजे ज्ञानेशकाका.

ते पेढे घेऊन आले. "अगं, तुझं नाव आलं! जगभर दिसेल!"

"जगभर दिसेल. देवळाली कॅम्पला दिसेल का?"

"तसं नाही... अकरा जणांनी सांगितलं गं. मी एकटा कसा काढणार? टेक्निकली हा सगळ्यांचा प्रोग्राम आहे."

"सगळ्यांचा आहे. फोन माझा आहे."

"दोनच महिने थांब."

"तुमचे दोन महिने मला माहीत आहेत. वाचनालयातली बाई रिटायर व्हायला आली तुमच्या दोन महिन्यांत."

"पण लोकांचं काय? तूच म्हणतेस ना, तिकडे कोणाचं तरी काम अडलेलं असतं."

यावर पलीकडून फक्त कपबश्या विसळायचा आवाज आला. आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आता संपलं. बसली परत खुंट्याला." मलाही तसंच वाटलं. पेढ्याचा बॉक्स आमच्याकडे आला. चांगले होते पेढे.

पुढचे चार-पाच दिवस पलीकडे फोनचा तोच पाढा. फक्त काकू प्रत्येकाला शेवटी एक वाक्य जास्त म्हणायच्या: "पत्ता तोच आहे ना? सीडी पाठवतेय." मध्येच कॉम्प्युटरचा ट्रे बाहेर यायचा, आत जायचा. रविवारी काका अंघोळ करून आले तर पुढच्या खोलीत आशा जमिनीवर बसून पाकिटांवर तिकिटं चिकटवत होती. तिची जीभ निळी झालेली. वहीतले सगळे पत्ते, दोनशेच्या वर पाकिटं.

"हे काय आहे?" काकांचा आवाज.

"ठसा. एक-शून्य."

"एक-शून्य अजून झालेलं नाहीये!"

"तुमचं नाही झालं. माझं झालं. तुमचाच ०.९.८ आहे, उवेची दुरुस्ती धरून. मी फक्त एक ओळ बदलली आणि वर १.० लिहिलं. 'घरची आवृत्ती' असंही लिहिलंय, तुमच्याशी घोटाळा नको."

"असं कोणीही उठून काढू शकत नाही!"

"काढू शकतं. कोणीही घ्यावं, बदलावं, पुढे वाटावं. साडेतीन वर्षं मी लोकांना फोनवर वाचून दाखवतेय. मला पाठ आहे. म्हणू?"

मग एक पाकीट उघडल्याचा आवाज, आणि कॉम्प्युटरचा ट्रे आत गेल्याचा. मग काका, एकदम बारीक आवाजात: "पण हा नंबर... हा तर माझ्या टेबलाचा आहे. स्टोअरचा."

"टेक्निकली," काकू म्हणाल्या, "तुम्ही दहा ते पाच तिथेच असता."

आमची आई तोंडात पदर कोंबून हसत होती.

सोमवारी पाकिटं पोस्टात पडली. आणि पुढच्या काही आठवड्यांत एक गोष्ट अशी झाली की काकांनाही कपाळाला हात लावावा लागला. एरवी या लोकांना नवीन आवृत्ती घ्या म्हणून सांगून सांगून मंडळी थकतात. चालतंय ते चालतंय, कशाला हात लावा. पण ही सीडी काकूंच्या हातची होती. गोरक्षभाऊंनी मिळाली त्याच दिवशी लावली. मास्तरांनी "आपली नूतन आवृत्ती प्राप्त झाली" असं पोस्टकार्ड पाठवलं. बहिरूने गणवेशाच्या यादीची तीनही पानं परत छापली आणि प्रत्येक पानावरच्या शेवटच्या नावाखाली पेनाने रेघ मारून पोस्टाने पाठवली. तिकडे उवेने लिहिलं की कोणी आपली वेगळी आवृत्ती काढली आणि लोक तीच वापरू लागले, तर मूळ मंडळींनी ती मुकाट्याने मान्य करावी हे बरं. कोलकातावाले आधी रुसले, मग हो म्हणाले. काकांनी मान्यतेचा शेरा मारला.

काकू मात्र त्याआधीच, एक मार्चला, साडेआठच्या बसने गेल्या. घराला कुलूप.

संध्याकाळी दोघं एकाच वेळी दारात पोचली. काकांचा चेहरा उतरलेला. "एकोणीस फोन. एकोणीस! रंगनाथ साहेब समोर बसलेले. म्हणाले, हे कोंडाजी कोण? मी फोन उचलला तर मलाच 'बोला' म्हणतात." काकूंच्या केसात धूळ होती, बोटं काळी झालेली. त्या म्हणाल्या, "तुम्ही तरी त्यांना बोला म्हणू नका, मग संपतच नाही."

सुमनबाईंच्या शाळेत काकूंचं बरं चाललंय. निम्म्या पुस्तकांना नंबर घालून झाले. त्या सांगतात की तिथेही सकाळी दहापासून चार वाजेपर्यंत खुर्चीवरून उठता येत नाही, मुलं सोडत नाहीत, आणि खिडकी फक्त परेडच्या मैदानाकडे उघडते. पण हे सांगताना त्या चिंच-गूळ खाल्ल्यासारखं तोंड करतात. घरी अजून जुन्या सीड्यांवाले फोन करतातच. आठवड्यात चार-पाच. कुलूप असलं की वाजून थांबतात. सवयीने कधी घरीच लावणारे कोंडाजीसुद्धा.

पण सहा महिने म्हणजे ऑगस्टअखेर. सप्टेंबरपासून ती रजेवरची बाई परत येणार. हे काकांना काकूंपेक्षा जास्त पाठ आहे. परवा मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर काकू कॉम्प्युटरसमोर उभ्या, काका खुर्चीत, आणि पडद्यावर ठशाच्या १.१ ची वाचा-फाईल. तळाशी लिहिलं होतं: "अडचण आल्यास फोन करावा. (सप्टेंबरपासून घरचा नंबर.)"

"हे नुसतं मसुद्यात आहे," काका घाईघाईने म्हणाले. "टेक्निकली तू तेव्हा घरीच असणार ना, म्हणून. साहेब रोज बोलतात गं मला. जेवायला उठता येत नाही."

काकूंनी ती ओळ पूर्ण वाचली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मला वाटलं होतं करतील.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही १.१ काढा. मी १.२ काढीन."

"आणि त्यात कोणाचा नंबर?"

"ते अजून ठरलं नाही. नाशिकरोडच्या वाचनालयात अर्ज केलाय, ती बाई खरंच रिटायर होतेय." मग माझ्या हातातलं भांडं घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. काका बसले होते तसेच बसले, माउसवर हात ठेवून, ती ओळ पुसावी की ठेवावी ते न कळून.